आंबेनळी घाट आणि अर्धी गोळी

पोलादपूर सोडल्यावर महाबळेश्वरपर्यंतचा सुमारे चाळीस किलोमीटरचा रस्ता आंबेनळी घाटातून चढत जातो, आणि ज्यांना गाडी लागते त्यांची तिथे खरी परीक्षा असते. पावसाळा नुकताच सरला होता आणि प्रतापगडाच्या बाजूचे डोंगर हिरवेगार होते. तरी त्या प्रवासातले माझ्या मनात ठाण मांडून बसले आहे ते निराळेच.

माझ्या पुढच्या बाकावर एक तरुण आई चौदा महिन्यांच्या मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. एसटी खच्चून भरलेली होती, वारा लागतो म्हणून खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि मूल रडू लागले होते. शेजारच्या आजींनी पिशवीतून गोळ्यांच्या पाकिटाचा कापलेला तुकडा काढला आणि अगदी मायेने म्हणाल्या, "अर्धी पाण्यात उगाळून पाज गं, घाट संपेपर्यंत झोपेल पोर." आईने पाण्याच्या बाटलीचे टोपण उघडलेसुद्धा. मी औषधांच्या दुकानात काम करते, त्यामुळे मला गप्प बसवेना. तो तुकडा मागून घेतला, तर मुदतीची तारीख ज्या कडेला छापलेली असते ती कडच कापून गेलेली होती. नावाच्या उरलेल्या अक्षरांवरून मात्र ती प्रोमेथाझिनची गोळी असल्याचे ओळखू आले.

"आजी, दोन वर्षांच्या आतल्या बाळाला ही गोळी मुळीच द्यायची नसते," मी म्हटले.

"आम्ही तर नातवंडांना देत आलो," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आश्चर्य होते.

कानाच्या आत तोल सांभाळणारा जो भाग असतो, त्याचे संदेश आणि डोळ्यांना दिसणारे दृश्य यांचा मेळ बसला नाही की मळमळ सुरू होते. प्रोमेथाझिन हे मुळात अ‍ॅलर्जीवरचे, गुंगी आणणारे औषध आहे आणि ते मेंदूत त्या संदेशांचा जोर कमी करते. पण इतक्या लहान जिवाचा श्वासही त्याने मंदावू शकतो. याच कारणाने अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००४ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना ते देऊ नये असा कडक इशारा दिला. शिवाय या वयाच्या मुलांना गाडी सहसा लागतच नाही. ते बाळ उकाड्याने रडत होते. आईने त्याची कानटोपी काढली, कंडक्टरांनी खिडकी सरकवून दिली आणि थोड्याच वेळात ते शांत झाले.

खरी गाडी लागली होती ती आईलाच. "मग मी घेऊ का, ताई?" तिने विचारले. ती बाळाला अंगावर पाजत होती, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये असे मी सांगितले; शिवाय मळमळ सुरू झाल्यावर पोटाचे काम मंदावते आणि गोळीचा फारसा उपयोग होत नाही. ती प्रवासाच्या तास-दोन तास आधी घ्यायची असते, लांबचा पल्ला असेल तर आदल्या रात्री. पुढच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी आपण होऊन तिला जागा दिली; मोबाइल पिशवीत ठेवून ती लांबच्या रस्त्याकडे पाहत बसली आणि घाट उलटी न होता पार पडला.

महाबळेश्वरात नेहमीची गर्दी होती, स्ट्रॉबेरी अजून यायची होती. दोन दिवस निघून गेले.

परतताना पाचगणीत एका औषधाच्या दुकानात शिरले, तर माझ्या आधी एक गृहस्थ गाडीची किल्ली बोटात फिरवत "उलटीच्या दोन गोळ्या" मागत होते. दुकानदाराने त्याच प्रोमेथाझिनच्या पाकिटातून कात्रीने दोन गोळ्या कापून दिल्या आणि पैसे घेतले. ते स्वतः पसरणी घाट उतरवणार असतील, तर या गोळीने डोळ्यांवर झापड येऊ शकते. दारू किंवा सर्दीची गुंगी आणणारी गोळी सोबत असली तर अधिकच. काचबिंदू असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. माझ्या वडिलांना प्रोस्टेटचा त्रास आहे. लघवी तुंबू शकते म्हणून डॉक्टरांनी त्यांना ती साफ मना केली आहे. गोळी कोणासाठी आहे आणि गाडी कोण चालवणार आहे, एवढे विचारायला दुकानदाराला अर्धा मिनिटही लागला नसता, म्हणून त्या गृहस्थांना ते मीच विचारले.