भिंतीपाशी लागणारा दम

बुधवार, सकाळ

आज ८०० मीटर फ्रीस्टाइल न थांबता पूर्ण केले. २५ मीटरच्या तलावात एवढ्या अंतरासाठी ३१ वेळा वळावे लागते, आणि गेले काही आठवडे सातव्या-आठव्या फ्लिप टर्ननंतर, म्हणजे भिंतीपाशी कोलांटी घेऊन पायांनी रेटा देत वळल्यानंतर, मला धाप लागत होती. माझा दमसास कमी पडतो अशी समजूत करून घेऊन मी रोजचे अंतर वाढवत राहिले, पण त्याने काहीच फरक पडला नाही. हातांची लय चालू असताना श्वास व्यवस्थित मिळतो आणि दम भिंतीपाशीच तुटतो, हे काल रात्री विचार करताना लक्षात आले. म्हणून आज वेगाकडे न पाहता प्रत्येक वळणावर मी श्वासाचे नेमके काय करते, तेवढेच पाहायचे ठरवले.

पहिल्या दहा वळणांतच चूक सापडली. नाकात पाणी जाण्याची भीती मनात इतकी खोल बसली आहे, की कोलांटी घेताना मी नाकातून सगळी हवा एका झटक्यात सोडून देत होते. डोळ्यांसमोरून बुडबुड्यांचा मोठा लोट वर जायचा, पाय भिंतीला टेकायचे, आणि तेव्हा छातीत काहीच उरलेले नसायचे. त्या रिकाम्या छातीने भिंतीला रेटा देऊन वर चार डॉल्फिन किक (पाण्याखाली दोन्ही पाय जुळवून मारलेले फटके) मारायच्या, म्हणजे मांड्यांच्या मोठ्या स्नायूंना सर्वाधिक प्राणवायू लागतो त्याच क्षणी गाठोडे रिकामे. श्वास घेण्याची तीव्र निकड मुख्यतः शरीरात साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते, आणि फुफ्फुसे रिकामी असली की ती आणखी लवकर जाणवते. मग पृष्ठभागावर येताच मी पहिल्याच हाताला मान वळवून हवा अक्षरशः गिळत असे आणि भिंतीने दिलेला सगळा वेग तिथेच घालवत असे.

पुढच्या वळणांवर क्रम बदलला. तळाची काळी रेघ भिंतीच्या २ मीटर आधी आडव्या पट्टीने संपते. त्या पट्टीच्या थोडे अलीकडे शेवटचा श्वास घ्यायचा आणि मग भिंतीला पोहोचेपर्यंत डोके उचलायचे नाही. हनुवटी छातीकडे वळली की ओठ मिटून नाकातून बारीक हुंकार सुरू करायचा. हुंकार चालू असला की हवेची धार अखंड राहते, पाणी आत शिरत नाही, आणि बुडबुडे लोटासारखे न जाता माळेसारखे एकामागून एक सुटतात. पाय टेकल्यावर हुंकार जवळजवळ थांबवायचा, हात कानांमागे घट्ट ताणून सरळ रेषेत निसटायचे, आणि उरलेली हवा वर येता येता सोडायची. पहिला हात श्वासाविना, दुसऱ्या हाताला श्वास. डॉल्फिन किक मी चारांवरून दोनवर आणल्या. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे वळणानंतर १५ मीटरपर्यंत पाण्याखाली राहता येते, परंतु लांब पल्ल्यात त्या सवलतीचा माझ्यासारखीला उपयोग नाही. पाच मीटरवर शांतपणे वर आलेले कितीतरी परवडते.

एक गोष्ट मात्र निक्षून लिहून ठेवते. सुरुवातीला मी सराव सुरू करण्यापूर्वी भराभर खोल श्वास घेऊन ‘साठा’ करत असे, आणि माझ्या प्रशिक्षकांनी ते ताबडतोब बंद करायला लावले, याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे. तशा श्वासांनी प्राणवायू फारसा वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड कमी होतो. परिणामी धोक्याची सूचना उशिरा मिळते आणि माणूस पाण्याखालीच शुद्ध हरपू शकतो.

विसाव्या वळणानंतर छातीतली घालमेल थांबली, आणि शेवटच्या १०० मीटरमध्ये वेग किंचित वाढवावासाही वाटला. तीन-चार वळणे तरीही बिघडली. मी फक्त उजव्या बाजूने श्वास घेते, त्यामुळे पट्टीजवळ डाव्या हाताची पाळी आली की हिशेब चुकतो आणि एक श्वास तसाच सोडून द्यावा लागतो. उद्या पहिले २०० मीटर दर तिसऱ्या हाताला, दोन्ही बाजूंनी आळीपाळीने श्वास घेत पोहणार आहे.