थेंब बुडला तर पास

गोव्यातल्या फोंड्याजवळच्या आमच्या कॉलेजात रासेयोचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं, काम माझ्याकडे आहे आणि, प्राचार्यांच्या कृपेने, कँटीन समितीही. ही दोन कामं एकमेकांत गुंतलेली आहेत हे मला रक्तदान शिबिराच्या दिवशी कळलं.

शिबिरात आधी बोटाला सुई टोचून तपासणी होते. मी रसायनशास्त्राचा, त्यामुळे त्या टेबलापाशी हमखास रेंगाळतो. काचेच्या भांड्यात मोरचुदाचं, म्हणजे कॉपर सल्फेटचं, निळंशार द्रावण असतं, त्यात वरून रक्ताचा थेंब सोडतात. द्रावणाची घनता अशी बेतलेली असते की हिमोग्लोबिन साडेबारा ग्रॅम किंवा वर असेल तर थेंब सरळ तळाला जातो. कमी असेल तर थोडा खाली उतरतो, मध्येच अडखळतो आणि उलटा वर येतो. वीज नको, यंत्र नको, आणि हुज्जत घालायला जागाही नाही.

मुलग्यांचे थेंब झरझर बुडाले. मुलींची रांग सुरू झाली आणि थेंब तरंगायला लागले. एकीचा, मग तिच्या मैत्रिणीचा, मग कबड्डीच्या संघातल्या दणकट पोरीचासुद्धा. 'घरी कळवू नका हां सर' म्हणत ती हसली, पण तोंड उतरलं होतं. तपासणाऱ्या बाईंना मात्र काहीच नवल नव्हतं. "सगळेकडेन हेंच, सर," म्हणून त्यांनी पुढचं बोट पुसलं.

साडेबारा ही रक्तदानाची अट. तिच्याखाली असलेली प्रत्येक मुलगी रक्तक्षयाची रुग्ण नसते, बायकांसाठी ती रेषा बाराची आहे. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता. गोव्याचा आकडा त्यापेक्षा बरा, पण त्या रांगेपाशी उभं राहून तसं वाटत नव्हतं.

परत पाठवलेल्या मुली कँटीनमध्ये जाऊन बसल्या. मीही गेलो, कारण आमचा 'पौष्टिक आहार' उपक्रम नुकताच आपटला होता. समितीने फॉर्म वाटले होते. बहुतेकांनी सॅलडवर खूण केली, म्हणून कँटीन चालवणाऱ्या वहिनींनी काकडी-गाजराचे डबे ठेवायला सुरुवात केली. अकरा वाजेपर्यंत डब्याच्या तळाशी पाणी सुटायचं आणि संध्याकाळी सगळं गुरांच्या बादलीत. शेजारची पातळभाजी आणि मिरची-भजी मात्र सुट्टीतच फस्त. आजकालच्या पोरांना चांगलंचुंगलं नकोच, असा निष्कर्ष बैठकीत निघालाही होता.

"सर, मी वाळपईहून येते," एक मुलगी म्हणाली. "सहाला चहा पिऊन घर सोडते. कदंब बस चुकली की पहिलं लेक्चर गेलं. साडेदहाला पोटात कावळे ओरडत असतात. काकडी खाऊन दीडपर्यंत प्रॅक्टिकल कसं करू?"

"हाणें पोट भरना, सर," दुसरीने एका वाक्यात निकाल दिला.

"मग फॉर्मात सॅलड का लिहिलंत?"

"पर्यायच तेवढे होते! सॅलड, ज्यूस, स्प्राउट्स आणि इतर. 'इतर'च्या पुढे रेघ एवढीशी."

हे खरं होतं. एका सहकाऱ्याने तो फॉर्म कुठल्याशा परदेशी विद्यापीठाचा जसाच्या तसा उतरवून घेतला होता. तिकडच्या पोरांना बहुधा सहाची बस पकडावी लागत नसावी.

मग खरी यादी सुरू झाली. अळसांद्यांचं, म्हणजे चवळीसारख्या कडधान्याचं, वाटप घातलेलं तोणाक. त्यासोबत उंड्याऐवजी, म्हणजे गोल पावाऐवजी, पोळी; चपाती नव्हे, आपला कोंड्याचा पाव, पोदेर म्हणजे पाववाला सायकलवरून आणतो तो. उकडलेलं अंडं. उसळीवर लिंबाची फोड. आणि तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ, खोबरं घालून, घरच्यासारखी. मी मध्येच मास्तरकी केली: पालेभाजीतलं लोह लिंबाबरोबर नीट शोषलं जातं, चहाबरोबर नाही. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळा, असं राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांतही आहे.

"मग चहा कधी प्यायचा सर, बसमध्ये?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सुट्टी वीस मिनिटांची, त्यातली दहा रांगेत जातात.

इतका वेळ गल्ल्यावरून ऐकणाऱ्या वहिनी तिथूनच कडाडल्या. "तांबडी भाजी निवडायला बसणार कोण? पावसात तिला माती किती असते बघितलीय? आणि पोळी पावापेक्षा महाग. दर तुमच्या समितीने बांधून दिलेत, ते कोण वाढवणार?" मुली माझ्याकडे बघायला लागल्या. दरपत्रकावर माझीच सही आहे.

परत पाठवलेल्यांपैकी काहींना आरोग्य केंद्रात पाठवलं. तिथे गोळ्या मिळतात, आणि भाजीने गोळीचं काम भागत नाही. बाकीच्या मुली वहिनींशी घासाघीस करत बसल्या. शेवटी तोणाक-पोळी मंगळवारी आणि गुरुवारी, पाच रुपये जास्त घेऊन, यावर तोडगा निघाला. मी बैठकीची वाट न पाहता दर बदलला. प्राचार्य त्यावर अजून कुरकुरतात. सॅलडचे डबे बंद झाले.

तांबड्या भाजीला वहिनींनी एकच अट घातली: निवडायला दोघीजणी आठच्या आत आल्या पाहिजेत. हॉस्टेलच्या दोघी येतात. त्यातली एक रोज उशिरा येते आणि देठांसकट टाकते म्हणून बोलणी खाते.