पंधरा आकडे जुळेनात

मुलीसाठी जुना फोन घ्यायचा होता. विकणारा मुलगा खोका, चार्जर, बिल सगळं घेऊन आला होता. स्क्रीनवर चरा नाही, बॅटरी ठीक. पैसे काढणार, तेवढ्यात सहज स्टार-हॅश-झिरो-सिक्स-हॅश दाबलं. दोन सिमचे दोन आयएमईआय, म्हणजे फोनची ओळख सांगणारे पंधरा आकडी नंबर, आले. खोक्यावर मात्र वेगळेच.

"आतला सर्किट बोर्ड बदललाय दादा, म्हणून," तो म्हणाला. पटण्यासारखं होतं. बोर्ड बदलला की नंबर बदलूही शकतो.

पण मला हिशेबाची खोड आहे. बिलाच्या पाठीमागे स्क्रीनवरचा पहिला नंबर लिहिला. एकाआड एक आकड्याची, दुसऱ्यापासून, दुप्पट करायची. दोन अंकी आलं तर ते अंक मिळवायचे. मग सगळ्यांची बेरीज. ती दहाच्या पटीत यायला हवी. आली! मुलगा हसला. मीही जरा ओशाळलो. पण नंबरचा शेवटचा आकडा ही बेरीज जुळावी म्हणूनच असतो; तो फक्त लिहिताना झालेली चूक पकडतो. दुसऱ्या फोनचा खरा नंबर उचलून घातला, तर बेरीज बरोबरच येणार.

मग केवायएम (नो युवर मोबाइल) ही इंग्रजी अक्षरं लिहून, जागा सोडून नंबर टाकला आणि १४४२२ या सरकारी नंबरला एसएमएस केला. उत्तरात मॉडेल दुसऱ्याच कंपनीचं आणि शेरा 'आधीच वापरात'. पहिले आठ आकडे मॉडेल सांगतात. याच मॉडेलचा बोर्ड बसवला असता तर दुसऱ्या कंपनीचं नाव आलंच नसतं. म्हणजे बोर्ड नाही, नंबरच बदललाय. उद्या त्या नंबरचा खरा फोन चोरीला गेला आणि मालकाने संचार साथी या सरकारी पोर्टलवर ब्लॉक करायला टाकला, तर आमचाही बंद पडायचा.

मुलाला म्हटलं, अरे, हा गुन्हा आहे. २०१७ साली यावर वेगळे नियम आले, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तर अशा छेडछाडीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो म्हणाला, "मी कुठं केलंय? मीपण असाच घेतलाय." खरंही असेल. त्याच्याकडचं बिल मग नीट वाचलं. त्यावर आयएमईआयची जागा कोरी होती. हे मी आधीच बघायला हवं होतं.

फोन परत दिला. "घेणारे आहेत दादा," म्हणत त्याने गाडीला किक मारली. माझ्या हिशेबाचं बिलही त्याच्याच खिशात गेलं.