दूध पितंय ना, मग झालं?

कोल्हापुरात लहान पोराची तब्येत विचारायची एक ठरलेली पद्धत आहे. जेवतंय का नीट, असं कुणी विचारत नाही, थेट "दूध पितंय का?" विचारतात, आणि होय म्हटलं की विषय संपला. भाजी खात नाही? असू दे, दूध पितंय ना. भाकरीला तोंड लावत नाही? लावंल मोठं झाल्यावर, दूध पितंय ना. लग्नात, बारशात, रंकाळ्यावर फिरायला गेल्यावर कुणीतरी ओळखीची मावशी भेटते आणि पोराचा गाल ओढून पहिला प्रश्न हाच.

आता याचं नवल वाटायचं कारण नाही. जिल्ह्यात गावोगावी म्हशी, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालणारी माणसं, पोटापाण्याचा अर्धा व्यवहार दुधावर. त्यात हे पैलवानांचं गाव. शाहू महाराजांनी 1912 ला खासबाग मैदान उभं केलं तेव्हापासूनच नव्हे तर त्याच्याही आधीपासून इथं खुराक म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई हे डोक्यात पक्कं बसलंय. पण पैलवान पहाटे उठून शेकड्यानं जोर-बैठका मारतो, तांबडी माती उकरतो, आणि दुधाबरोबर मटण, अंडी, भाकरी पण तेवढंच हाणतो हे सोयीस्कर विसरलं जातं. दोन वर्षांचं पोरगं त्यातलं काहीच करत नाही, त्याला नुसतं दूधच तेवढं पैलवानाचं मिळतं.

मी डॉक्टर नाही, आधीच सांगते. पण आमच्या भावकीतल्या एका पोराचं जे झालं ते बघून मी या विषयात जरा जास्तच डोकं घातलं, डॉक्टरांना विचारलं, वाचलं, आणि आता जी कोण आई भेटेल तिला सांगत सुटते. तर हे पोरगं अडीच वर्षांचं, गोरंपान, गुबगुबीत, मांड्यांना वळ्या, सगळ्या भावकीत कौतुक. जेवणाच्या नावानं मात्र शंख. दिवसभर दूध, रात्री झोपताना बाटली, मध्यरात्री उठलं की परत बाटली. पुढं पुढं ते भिंतीचा चुना खरवडून खायला लागलं, कुंडीतली माती खायला लागलं, जरा खेळलं की मांडीवर येऊन पडायला लागलं आणि सारखी किरकिर. घरच्यांना वाटलं जंत झालेत. डॉक्टरांनी खालची पापणी ओढून बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, दूध किती पितो? त्यावर त्याची आई काय खूश होऊन म्हणाली, "सव्वा लिटर आरामात संपवतोय की डॉक्टर!" डॉक्टर नुसतेच मान हलवत राहिले. रक्ताचा रिपोर्ट आला तर हिमोग्लोबिन 7 च्या घरात. त्या वयाला ते निदान 11 पाहिजे.

घरात सगळे म्हणत होते मशीनची चूक असणार, एवढ्या गुबगुबीत पोराच्या अंगात रक्त कमी कसं असंल? तर गोरंपान म्हणून ज्याचं कौतुक चाललं होतं तो खरं तर फिकटपणा होता.

यातलं गणित एकदा समजलं की सगळं सोपं होतं, म्हणून जरा आकडे सहन करा. म्हशीचं दूध म्हणजे फॅट 6-7 टक्के, 100 मिलीत साधारण 100 कॅलरी. म्हणजे लिटरभर दुधात हजार कॅलरी झाल्या. आणि 1 ते 3 वर्षांच्या पोराला अख्ख्या दिवसात लागतात किती, तर साधारण हजारच! मग लिटरभर दूध पोटात गेल्यावर ते पोरगं भाकरी कशाला मागंल, त्याची भूक तिथंच संपली ना. आपण मात्र ताट घेऊन मागं पळत राहायचं, मोबाईल लावायचा, चिऊ-काऊ दाखवायचे आणि शेवटी "काहीच खात नाही हो" म्हणून परत एक ग्लास दूध पाजायचं, म्हणजे दुपारची भूक पण गेली.

आणि रक्त तयार व्हायला जे लोह लागतं, ते या सगळ्या दुधात किती? जवळपास नाहीच. त्या वयाच्या पोराला रोज 8 मिलिग्रॅम लोह लागतं असं आयसीएमआर, म्हणजे देशाची वैद्यकीय संशोधन परिषद सांगते, लिटरभर दुधात जेमतेम एखादा मिलिग्रॅम, आणि तोही सगळा अंगाला लागत नाही. वर आणि दुधातलं कॅल्शियम आणि प्रोटीन दुसऱ्या जेवणातलं लोहसुद्धा नीट शोषू देत नाहीत. म्हणजे पालकाची भाजी खाऊ घातली आणि लगेच वर ग्लासभर दूध दिलं, तर भाजीचा बराचसा फायदा तिथंच गेला.

हे आमच्या भावकीपुरतं नाही बरं का. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली 6 महिने ते 5 वर्षं वयाची 67.1 टक्के मुलं रक्त कमी असलेली निघाली. तीनातली दोन. सगळी दुधामुळंच असं नाही, आईच्याच अंगात रक्त कमी असणं, वरचा आहार उशिरा सुरू करणं, जंत, अशी बरीच कारणं आहेत. पण खात्यापित्या घरातलं गुबगुबीत पोरगं या यादीत असू शकतं हेच कुणाच्या गावी नसतं. आणि लोह फक्त रक्तासाठी लागतं असंही नाही, या वयात मेंदूची वाढ जोरात चालू असते, तिथंही ते लागतं.

मग दूध बंद करायचं का? अजिबात नाही. एक वर्षानंतर दिवसाला दोन कप, म्हणजे 400 ते 500 मिली, बहुतेक बालरोगतज्ज्ञ एवढंच सांगतात. कॅल्शियमचं काय होणार म्हणून आज्ज्या लगेच धास्तावतात. तर या वयाला रोज 500 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं आणि म्हशीच्या 400 मिली दुधातनंच जवळजवळ तेवढं मिळून जातं. उरलेलं नाचणीची आंबील, दही, तीळ यातनं आरामात भागतं.

एक वर्षाच्या आतल्या बाळाची गोष्ट वेगळी. पहिले 6 महिने फक्त आईचं दूध, पाणी पण नाही, आणि नंतर आईचं दूध चालू ठेवून भात-वरण, मऊ खिचडी, कुस्करलेली भाजी, अंडं असं सगळं हळूहळू. गाई-म्हशीचं दूध मुख्य आहार म्हणून वर्षाच्या आत नकोच, त्यानं बाळाच्या आतड्यातनं न दिसण्याइतकं रक्त जाऊ शकतं. आणि बाळाला मध चाटवणारी माणसं अजून आहेत, त्यांना हात जोडून सांगा, वर्षाच्या आत मध नाही म्हणजे नाही, त्यातनं बॉट्युलिझम नावाचा घातक आजार होऊ शकतो.

आता जरा नाजूक विषय. धारोष्ण दूध. गंगावेशीतल्या कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी येऊन थांबतात, समोर धार काढून फेसाळ ग्लास हातात देतात, बाहेरचे पाहुणे आले की आपण कौतुकानं दाखवायला नेतो. मला पण तो सगळा माहोल आवडतो, म्हशींच्या शिंगांना लावलेले रंग, गवळ्यांच्या गप्पा, सगळं. पण लहान पोराच्या तोंडाला तो ग्लास लावू नका. कच्च्या दुधातनं ब्रुसेलोसिस नावाचा जनावरांकडनं येणारा तापाचा आजार होतो, जनावराचा टीबी येऊ शकतो, जुलाब लावणारे जंतू येतात, आणि 5 वर्षांखालच्या पोराला त्याचा त्रास मोठ्यांपेक्षा जास्त. म्हैस कितीही देखणी आणि गवळी कितीही ओळखीचा असला तरी हे बाहेरनं दिसत नाही. तेच दूध किटलीत घ्या, घरी आणून चांगलं उकळा, मग पाजा. "आम्ही नाही का प्यायलो, आम्हाला काय झालं" याला माझ्याकडं उत्तर नाही, ज्यांना झालं ते कट्ट्यावर सांगायला येत नाहीत एवढंच.

तर मग द्यायचं काय? काही विकत आणायला नको, आपल्याच स्वयंपाकघरात सगळं आहे. मिसळीच्या गावात राहतो आपण, मोड आलेली मटकी घरात असतेच. चटणी टाकायच्या आधी पोरापुरती वाटीभर उसळ बाजूला काढायची, मऊ शिजवायची, कुस्करायची आणि वर लिंबू पिळायचं. लिंबू विसरू नका. कडधान्य-पालेभाजीतलं लोह तसं अंगाला लागायला अवघड, मोड आणल्यानं थोडं सोपं होतं आणि व्हिटॅमिन सी बरोबर असलं की अजून बरंच सोपं. लिंबू नसलं तर पेरूची फोड, संत्रं, आवळा, टोमॅटो, यातलं काहीही. मसूर, हरभरा, राजगिऱ्याची भाजी, माठ, तीळ, अळिवाचे लाडू (अळीव फक्त बाळंतिणीचे नसतात हो) हे सगळं फिरवून फिरवून.

आणि मटण! रविवारी घरोघरी मटण शिजतं आणि पोराच्या वाट्याला काय येतं, तर वाटीभर अळणी (मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी) नाहीतर पांढरा रस्सा. ताकद येते म्हणून. आता अळणी चांगलीच, पोटाला हलकी, चवीला भारी, पण लोह पाण्यात फारसं उतरत नाही, ते फोडीत राहतं. मोठी माणसं फोडी खातात आणि ज्याला खरी गरज आहे त्याला पाणी पाजतात. मटणातलं लोह सगळ्यात सहज शोषलं जातं, म्हणून अळणीतलीच एक मऊ फोड काढा, हातानं रेषा सोडवून बारीक करा आणि भाताबरोबर कालवून द्या. आठवड्यात एकदा कलेजीचा लहानसा तुकडा पण चालतो, पण नीट शिजवून, आणि जास्त नको कारण त्यात व्हिटॅमिन ए खूप असतं. जे खात नाहीत त्यांनी वाईट वाटून घेऊ नका, मटकी-लिंबू रोज नेमानं गेलं तरी भरपूर फरक पडतो.

चहा. सकाळी बशीत ओतून चहा-बिस्कीट, चहा-चपाती हे बऱ्याच घरात दोन वर्षांच्या पोरापासून चालू असतं. चहा जेवणातलं लोह अडवतो, भूक मारतो आणि साखर वेगळीच. बंद करा, एवढंच.

गुळाबद्दल सांगितलं तर कोल्हापुरात मार खायची वेळ येईल, पण सांगते. आपल्या गुळाला जीआय, म्हणजे या भागाचा खास माल म्हणून सरकारी शिक्का मिळालाय, चव जगात भारी, पण गूळ खाऊन रक्त वाढत नाही. पोरगं खाऊन खाऊन गूळ खाणार किती, खडाभर, तेवढ्यात लोह नगण्य आणि बाकी सगळी साखरच. चवीपुरता खाऊ द्या, औषध म्हणून नको. दोन वर्षांच्या आत तर साखर-गूळ दोन्ही वरनं न घातलेलं बरं.

दुधात टाकायच्या त्या चॉकलेटी पावडरी पण तशाच. उंची वाढते, बुद्धी वाढते, डब्यावर काय काय लिहिलेलं असतं. एप्रिल 2024 मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाईन विकणाऱ्या कंपन्यांना सांगितलं होतं की असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली दाखवू नका, कारण कायद्यात तसा प्रकारच नाही. डबा उलटा करून साखरेचा आकडा वाचा, मग ठरवा.

दूध कमी कसं करायचं, यावर मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. एका दिवसात तोडू नका. पहिली रात्रीची बाटली घालवा, कारण ती दातही किडवते, समोरचे वरचे दात काळे पडलेली किती पोरं बघतो आपण. बाटलीच घरातनं हद्दपार करून कपानं दूध द्यायला लागलं की निम्मं दूध आपोआप कमी होतं, कारण कपानं तेवढं जातच नाही. दूध जेवणाआधी नाही, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, जेवणापासून लांब. मधे पाणी. सुरवातीचे काही दिवस घर डोक्यावर घेईल, जेवणार पण नाही, आणि तेव्हाच आपला धीर सुटतो. धीर धरला की भूक लागायला लागते, आणि भूक लागली की मटकी पण गोड लागते. बऱ्याच पोरांची कडक शी होण्याची तक्रार पण याच काळात कमी होते, तो वरचा बोनस.

खरी लढाई पोराशी नसतेच, ती घरातल्या मोठ्यांशी असते. आपण एका बाजूनं दूध कमी करतो आणि सासूबाई मागच्या दारानं पेला पाजतात, "लेकरू उपाशी झोपलं तर माझ्या जिवाला घोर लागतो" म्हणून. त्यांच्याशी वाद घालून काही होत नाही, मी तर डॉक्टरांकडं जाताना सासूबाईंनाच बरोबर घेऊन गेले. सुनेनं वाचून सांगितलेलं आणि डॉक्टरनं सांगितलेलं यात आमच्याकडं फार फरक असतो. आता आल्यागेल्याला त्याच सांगतात, दोन कपाच्या वर देऊ नका म्हणून.

शंका असेल तर सीबीसी करून घ्या, साधी रक्ताची टेस्ट आहे. पोरगं फिकट, चिडचिडं, लवकर दमणारं, माती-खडू-चुना खाणारं असेल तर वाट बघू नका. ॲनिमिया मुक्त भारत योजनेत 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलांना आठवड्यातनं दोनदा 1 मिली लोहाचं सिरप असतं, अंगणवाडीत नाहीतर आशाताईंना विचारा. वर्षापुढच्या पोरांना जंताची गोळी पण तिथंच मिळते. पण रक्त खरंच कमी निघालं तर तेवढ्यावर भागत नाही, डोस डॉक्टर वजन बघून ठरवतात आणि हिमोग्लोबिन वर आलं तरी पुढं काही महिने चालू ठेवायला सांगतात, मधेच सोडू नका.

सिरप दुधातनं देऊ नका, सगळा खटाटोप वाया जातो. चार थेंब लिंबूपाण्याबरोबर द्या, दातावर डाग पडू नयेत म्हणून जिभेच्या मागच्या बाजूला सोडा आणि वर पाणी पाजा. शी काळी होते, घाबरून डॉक्टरांना रात्री फोन करू नका, ते तसंच असतं. आणि बाटली फ्रिजच्या दारात, पोराच्या हाताला येईल अशी ठेवू नका, गोड लागतं म्हणून सगळी तोंडाला लावली तर लोहाची विषबाधा होते, तेव्हा मात्र थेट दवाखाना गाठायचा.