मिरज-विजापूर-बदामी-धारवाड: गाडीत तंबोरा असेल तर पेठ नाक्याला वळू नका

आधी मुद्द्याचं सांगतो. पुण्याहून मिरजेला निघालाय आणि गाडीत तंबोरा-पेटी आहे, तर पुणे-कोल्हापूर हायवेवरच्या पेठ नाक्याला वळून आष्ट्यावरून सांगली-मिरज हा सरळ दिसणारा रस्ता घेऊ नका. निदान गेल्या आठवड्यात तिथून स्वतः कारने गेलेला माणूस 'झालंय काम' म्हणत नाही तोवर तरी नकोच. आम्हाला ज्या मित्राने 'रस्ता चकाचक झालाय रे, बिनधास्त ये' असं सांगितलं तो बुलेटवर फिरतो, हे तिथे पोचल्यावर कळलं.

जेमतेम चाळीस किलोमीटरचा तुकडा. आम्ही डिसेंबरच्या सुट्टीत गेलो तेव्हा चौपदरीकरण चालू होतं, एका बाजूला काँक्रीट झालेलं, दुसरीकडे खणून ठेवलेलं, मध्येच ही बाजू बंद म्हणून गाडी त्या बाजूला उतरवायची आणि उतरतानाची पायरी अशी की पुढचं चाक खाली गेल्यावर मागे कपाटातली भांडी पडल्यासारखा आवाज. पाटी नाही, दिवा नाही. त्यात उसाचा सीझन, म्हणजे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला आणि समोरून येणाऱ्यांचे लाइट कायम अप्परला. बायको मागच्या सीटवर तंबोऱ्याचा भोपळा मांडीवर धरून बसली होती तरी एका खड्ड्यात तो दाराच्या हँडलवर आपटला आणि बोटभर भेग गेली. आई पुढे बसून स्तोत्र म्हणत होती, ती त्यानंतर गप्पच झाली.

अंधारात तर हा रस्ता अजिबात नको. हायवेलाही सहापदरीकरणामुळे साताऱ्याच्या पुढे ठिकठिकाणी डायव्हर्जन होती, कराडपाशी तासभर गेला, त्यामुळे दुपारी पेठ नाका गाठायचा प्लॅन संध्याकाळवर गेला. मॅप जी वेळ दाखवतो त्यात सरळ दीड-दोन तास मिळवा.

त्यातल्या त्यात नशीब एवढंच की तंबोरा फुटायचाच असेल तर मिरजेच्या वाटेवर फुटलेला बरा. सतार-तंबोरे करणारी घराणी पिढ्यान् पिढ्या या गावात आहेत, 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय टॅगपण (त्या गावची खासियत म्हणून सरकारी मान्यता) मिळाला. सकाळी दुकानात नेला तर कारागिराने भोपळ्यावर टिचकी मारून बघितली आणि 'आतून भरून देतो, परतताना न्या' म्हणाला. मधल्या काळासाठी स्वतःचा एक तंबोरा दिला, डिपॉझिटपण मागितलं नाही. दुरुस्तीचे पैसे वाजवी. अख्ख्या ट्रिपमध्ये ज्याच्याशी घासाघीस करावीशी वाटली नाही असा हा एकच माणूस. संध्याकाळी त्याच बुलेटवाल्या मित्राकडे बैठक झाली, बायको गायली, मुलगा तबल्यावर, पेटीवर मी. चांगली झाली. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, तिथे जाऊन आलो, गाणाऱ्याने चुकवू नये.

वाद्यांचं थोडक्यात. तंबोऱ्याच्या तारा थोड्या उतरवा, पण पार ढिल्या सोडू नका, घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) सरकते. डिकीत ठेवू नका, मागच्या चाकाचे सगळे दणके तिथेच बसतात. मागच्या सीटवर जाड गादी किंवा दोन रजया आणि भोपळा दारापासून लांब. जवारीचे दोरे (आवाज खुलावा म्हणून घोडीवर तारेखाली सरकवतात ते) जास्तीचे घ्या, गाडीत पडला की सापडत नाही. तबला बंद गाडीत उन्हात ठेवलात तर पुडी (वरचं कातडं) ताणून सूर कुठल्या कुठे चढतो आणि मग कार्यक्रमाच्या आधी अर्धा तास हातोडी घेऊन बसावं लागतं. जेवायला थांबलात तरी सोबत आत न्या, लोक बघतात, बघू देत. गाणाऱ्याच्या तोंडावर एसीचा झोत नको.

मिरज-जत-विजापूर ठीक आहे, फार बोलण्यासारखं नाही. मॅपवर आणि पाट्यांवर विजयपुरा बघा. गोल घुमटाबद्दल मात्र बोलायचंय, कारण 'तिथे सा लावून बघा, अंगावर काटा येईल' असं आम्हाला निदान दहा जणांनी सांगितलं होतं. डिसेंबर म्हणजे शाळांच्या सहली. सातही मजल्यांचे अरुंद जिने चढून वर गेलो तर दीडशे पोरं एकाच वेळी किंचाळतायत आणि घुमट प्रत्येक किंकाळी परत परत देतोय. कानात दडे बसले. दुसऱ्या दिवशी गेट उघडताच परत गेलो तेव्हा कुठे एक षड्ज ऐकता आला. पण आवाज इतका वेळ रेंगाळतो की एका सुरावर दुसरा चढतो, तान घेतली की नुसता गोंधळ. सावकाश एकेक स्वर लावायचा, बास. त्यापेक्षा मला इब्राहिम रोजा आवडला, शांत आहे. तिथे दफन झालेला विजापूरचा सुलतान दुसरा इब्राहिम आदिलशाह स्वतः गाण्यातला माणूस, त्याच्या तंबोऱ्याचं नाव मोतीखान होतं. आमच्या उसन्या तंबोऱ्यालाही पुढे तेच नाव पडलं.

बदामी. गुहा, तळं, पट्टदकल, ऐहोळे सगळं बघण्यासारखं आहेच, त्यावर लिहिणारे खूप आहेत. माकडांपासून पिशव्या सांभाळा. आईला गुहांच्या पायऱ्या जमल्या पण हळूहळू. पहिल्या गुहेतल्या अठरा हातांच्या नटराजासमोर बसून व्हिडिओ करायची मुलाची फार इच्छा होती, तर ते डोक्यातून काढा. संरक्षित स्मारकात कार्यक्रम करायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ट्रायपॉडलासुद्धा. गार्डने आम्हाला पेटीसकट गेटवरूनच परत पाठवलं, त्याचं बरोबरच होतं.

बरोबर नव्हतं ते लॉजवाल्याचं. संध्याकाळी खोलीत दार लावून तासभर रियाज केला, कोणाची तक्रार नाही, उलट कॉरिडॉरमध्ये दोघं ऐकत उभे होते. सकाळी बिलात 'फंक्शन चार्ज' म्हणून 1500 रुपये! मी म्हटलं फंक्शन कसलं, तर म्हणे तबला वाजला म्हणजे फंक्शन. वाद घालून 500 वर आणलं, तेही द्यायला नको होते पण आई गाडीत बसून होती. बुकिंग करतानाच 'खोलीत रियाज करणार, चालेल का, वेगळे पैसे आहेत का' हे विचारा आणि उत्तर मेसेजवर घ्या.

हुबळी-धारवाड मजेत गेलं. मित्रांकडे राहिलो, कुंदगोळला गायक सवाई गंधर्वांच्या गावी जाऊन आलो, धारवाडच्या घरगुती बैठकीत बायको ट्रिपमधलं सगळ्यात चांगलं गायली, ऐकणारे जाणकार होते. पेढे घेतले.

पुन्हा करायचं झालं तर मी उलटा फिरेन. पुणे-सोलापूर-विजापूर सगळा चौपदरी रस्ता आहे, पुढे बदामी, हुबळी, धारवाड, बेळगाव आणि कोल्हापूरवरून जयसिंगपूरमार्गे मिरज शेवटी. आम्ही परतताना कोल्हापूर-मिरज असेच आलो, गर्दी होती पण खड्डे नव्हते. वाटेत वाद्याला काही झालं तर मिरजेत दाखवता येतं आणि पुढे फक्त घर उरतं. मिरजेहून पुण्याला सरळ जाताना पुन्हा तोच पेठ नाक्याचा तुकडा लागतो, तेवढा मात्र दिवसाउजेडी काढा किंवा परत कोल्हापूरवरूनच हायवेला लागा. पन्नासेक किलोमीटर जास्त पडतील, पडू देत.