कांकू-दाईची नोंद : २६ एप्रिलच्या आधी

सध्या कराटेतला नवीन काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) घेतलेला नाही, कांकू-दाई हाच काता घोटतोय. शोतोकान शैलीचे जनक फुनाकोशी सेन्सेई (गुरुजी) २६ एप्रिल १९५७ ला गेले आणि क्योकुशिन शैलीचे संस्थापक मास ओयामा १९९४ साली, तेही २६ एप्रिललाच. ओयामा तरुणपणी शोतोकान शिकलेले. म्हणून त्या सकाळी नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर आम्ही दोन्ही शैलींचे एकत्र जमणार आहोत.

कांकू-दाई फुनाकोशींचा लाडका. १९२२ साली तोक्योच्या कोदोकान या ज्युदो शाळेत ज्युदोचे जनक जिगोरो कानोंपुढे त्यांनी हाच करून दाखवला. एकूण ६५ हालचाली, पण माझा निम्मा वेळ पहिल्याच हालचालीवर जातोय. दोन्ही तळहातांचा त्रिकोण करून डोक्यावर न्यायचा आणि त्यातून वर पाहायचं. आमचे सर म्हणायचे, "घाई नको रे, आधी आभाळ बघ." सर आता नाहीत.

शाळेच्या हॉलमधल्या शहाबादी फरशीवर ते अनवाणी फिरायचे. झेनकुत्सु-दाचीत (पुढचा गुडघा वाकवून, मागचा पाय ताणून उभं राहताना) मागची टाच जराशी उचलली, की गुपचूप मागून येऊन पायाचा अंगठा तिच्याखाली सरकवायचे. बोलायचे काहीच नाहीत. टाच त्यांच्या अंगठ्यावर टेकली की आपल्यालाच कळायचं. आता ज्युनिअर्सना शिकवताना मीही तेच करतो. फोटोला हार घालतोच, पण सरांची खरी आठवण मला या टाचेत वाटते.

शिष्यांचीही आठवण काढायला हवी. गोजू-र्यू या कराटे शैलीचे संस्थापक मियागी, त्यांचे पट्टशिष्य जिनआन शिंझातो १९४५ साली ओकिनावाच्या लढाईत गेले. ज्याच्या हाती गोजू-र्यू सोपवायचं तोच आधी गेला. फुनाकोशींचे चिरंजीव योशिताका त्याच वर्षी क्षयाने गेले. आमच्यातलाही एक ब्राउन बेल्टचा मुलगा असाच अकाली गेला. चौकटीच्या वहीत तो प्रत्येक काता पावलांच्या खुणांनी काढायचा, डावा पाय निळा, उजवा लाल. त्याच्या आईने ती वही डोजोला (आमच्या कराटे वर्गाला) दिली. कांकू-दाईची वळणं मी तिच्यावरूनच पक्की केली.

शेवटची निदान-गेरी (उडी मारून लागोपाठ दोन लाथा) अजून जमत नाही. पहिली लाथ छान उंच जाते, दुसरीला कंबर मागे राहते. तोवर रोज गच्चीवर फक्त उडीचा सराव.

सिडको, सातपूर, पंचवटी, कुठल्याही डोजोचे असा, २६ ला सहा वाजता या. आपल्या गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं आणि त्यांनी शिकवलेला काता करायचा. गी (कराटेचा पोशाख) नसली तरी चालेल.