ए आन् बी कुठं गेले?

आज सीताबर्डीवर लॅपटॉप दुरुस्तीला नेला. दुकानातला नवा पोरगा विंडोज टाकता टाकता म्हणाला, "काका, सी ड्राइव्हच काऊन जी? ए आन् बी कुठं गेले?"

मला तर गोष्टी सांगायला आयतंच कारण मिळालं! १९८१ च्या आयबीएम पीसीत हार्ड डिस्क नसायची. ए आणि बी ही अक्षरं दोन फ्लॉपींची, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या डिस्कांची. १९८३ ला एक्सटी मॉडेल आलं, त्यात १० एमबीची हार्ड डिस्क. तिच्या वाट्याला सी. "१० एमबी? माझे पाच फोटो नाही मावत त्यात!" मालकांनी ड्रॉवरमधून धूळ खात पडलेली फ्लॉपी काढून दिली, तर पठ्ठ्या तिची पत्र्याची झडप टक् टक् सरकवतच बसला. विंडोज राहिलं बाजूला.

लिनक्स या विंडोजसारख्याच सिस्टीममधल्या युएसआर (usr) नावाच्या डिरेक्टरीची, म्हणजे फोल्डरची गोष्ट मात्र माझी जास्त लाडकी. अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची युनिक्स (लिनक्स जिच्या धर्तीवर बनली ती सिस्टीम) रचत होते, तेव्हा त्या डिरेक्टरीत माणसांच्या फायली राहायच्या. पहिली डिस्क भरली, तसे प्रोग्राम तिकडे राहायला गेले आणि भाडेकरूच घरमालक झाले. माणसांना पुढे होम नावाची वेगळी जागा शोधावी लागली.

आणि आयनोडमधला, म्हणजे युनिक्समध्ये प्रत्येक फाईलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीच्या नावातला 'आय' कशाचा? खुद्द रिचींनाही छातीठोक सांगता आलं नाही. बहुधा इंडेक्सचा असावा, म्हणाले. ज्यांच्या हातून शब्द रुळला तेच असं म्हणतात, आणि आमच्या इथले क्लासवाले तो फुलफॉर्म बिनदिक्कत पाठ करून घेतात, बोला आता!